आठव्या मुलीच्या शोधात बालाघाट

बालाघाटला जाऊन काय पाहिलंत, असं कुणी विचारलं की मी सांगते, उंच पोरी. समोरचा हसतो. त्याला वाटतं, बाई चेष्टा करताहेत. लोक तिकडे जातात ते कान्ह्याच्या जंगलासाठी, वाघासाठी. मी मे महिन्यातले चार दिवस त्या जिल्ह्यात मान वर करून फिरले आणि मोकळ्या हाताने परत आले. नुसती मोकळ्या हाताने आले असते तरी चाललं असतं, पण मी तिथे एका घराचं नुकसान करून आले. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

मी नागपूरच्या एका मुलींच्या कॉलेजात खेळ शिकवते. माझी स्वतःची उंची पाच फूट एक इंच आहे आणि मी बास्केटबॉल शिकवते. पोरी पाठीमागे मला 'चेंडू' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तीन वर्षं आमचा संघ पहिल्याच फेरीत हरत होता, आणि दर वर्षी एक-दोन मुली लग्न होऊन जात होत्या. शेवटी प्राचार्य बाईंनी मला बोलावून सांगितलं, प्रवेश संपेपर्यंत आठ खेळाडूंची नावं द्या, नाहीतर ते मैदान कॉम्प्युटरच्या इमारतीला जाईल. माझ्याकडे सात नावं होती. आठवं नाव कुणाचंही घालता आलं असतं असं तुम्हाला वाटेल. ते मी मागच्या वर्षी करून पाहिलं होतं. ग्रंथालयात बसणारी एक मुलगी उभी केली, ती सामनाभर चष्मा सांभाळत राहिली, आणि नेमक्या त्या दिवशी प्राचार्य बाई सामना बघायला आल्या. तेव्हा आठवी हवी होती ती खरी हवी होती, आणि उंच हवी होती.

बालाघाटचं नाव सुचवलं बोरकर सरांनी. हे तिथल्या सरकारी शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे शिक्षक, माझ्या मैत्रिणीचे मामा. त्यांनी पोस्टकार्ड धाडलं: 'आमच्याकडे उंच मुली पुष्कळ. खेळवणारे कोणी नाही. येऊन जा.' एवढ्या तीन वाक्यांवर मी निघाले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर पोस्टकार्ड मिळालं होतं.

गोंदिया ते बालाघाट

गोंदियाहून पुढे छोटी गाडी. तिचे डबे एवढे अरुंद की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात. माझ्यासारखीला ते फारसं जाणवत नाही, हा बुटकेपणाचा एक फायदा. डब्यात कोण मराठी आणि कोण हिंदी हे ओळखणं कठीण. समोरच्या बाईने मला विचारलं, "कुठी उतरता?" आणि लगेच पोराला म्हणाली, "बेटा, खिड़की से हाथ अंदर कर." एकाच श्वासात दोन्ही भाषा. आम्ही नागपूरकर स्वतःला हिंदी-मराठीच्या भेसळीतले उस्ताद समजतो, पण इथे आम्ही कच्चे.

बोरकर सर स्टेशनवर आले होते. सत्तरीला टेकलेला सडपातळ माणूस, गळ्यात अजून शिट्टी. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, शिट्टी काही गळ्यातून निघाली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "काहाडली तं घरचे वळखत नाई मले."

त्यांच्या घरी काकूंनी चिन्नौर तांदळाचा भात वाढला. पातेल्यावरचं झाकण काढलं तसा वास बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. सोबत आंब्याचा रस आणि तळलेल्या कुरडया. आमच्याकडे भात शेवटी, पोटात राहिलेल्या जागेत. इथे भातापासून सुरुवात आणि भातावरच शेवट. सकाळी पोह्यांवर तर्री मागितली तेव्हा काकू गोंधळल्या. त्यांच्याकडे पोह्यांसोबत जिलबी असते. खाऊन पाहिली. नागपूरच्या माणसाने हे लिहू नये, पण चांगली लागते.

पुढचं काही चांगलं नव्हतं. सरांनी ज्या मैदानावर मुलींना शिकवलं होतं तिथे लग्नाचा मांडव पडला होता. बोर्डाला लायटिंगच्या माळा बांधल्या होत्या आणि एका कड्याला गुलाबी कापडाचं फूल लटकत होतं. लग्नसराई होती, मंगल कार्यालयं भरलेली, मैदान स्वस्तात मिळतं. गावातली एकच उंच मुलगी आम्हाला घरी भेटली. वडील तहसीलमध्ये. मुलगी पाच फूट आठ इंच असावी. ती डॉक्टरीच्या परीक्षेला बसत होती आणि आम्ही होतो तेवढा वेळ तिने पुस्तकातून बोट काढलं नाही. वडील अगदी गोड बोलले. "खेल-वेल बचपन तक ठीक है, मॅडम," म्हणाले, आणि चहा घ्यायला लावला. मी चहा घेतला.

उकवा, मलाजखंड

दुसऱ्या दिवशी मलाजखंडची बस. तिथे तांब्याची खाण आहे, कंपनीची वसाहत आहे, आणि वसाहतीत दिव्यांखाली खेळायचं सिमेंटचं मैदान आहे, असं सरांनी सांगितलं होतं. उकव्याला बस पंक्चर झाली. स्टेपनी आधीच पंक्चर होती, हे ड्रायव्हरला तेव्हाच आठवलं. दोन तास आम्ही सागाच्या पानगळीत बसलो. मँगनीजच्या काळ्या धुळीने रस्ता, टपरी, चहावाल्याच्या भुवया, सगळं एका रंगाचं झालं होतं.

तिथे मी एक आगाऊपणा केला. उंच बाई दिसली की माझी मान आपोआप वर जाते, हे माझं व्यसन आहे. टपरीसमोरून एक मुलगी पाण्याचे दोन गुंड, म्हणजे पितळी घागरी, एकावर एक घेऊन चालली होती. डोक्यावरचे गुंड वगळूनही ती माझ्याहून हातभर उंच. मी धावत जाऊन वय विचारलं, शिक्षण विचारलं. ती हसून म्हणाली, "दो बच्चे हैं मेरे." बोरकर सर लांबून ओरडले, "मॅडम, असं रस्त्यावर धरू नका कोणाले, मार खासाल!" चहावाला खूप वेळ हसत होता.

मलाजखंडचं मैदान खरंच होतं. संध्याकाळी दिवे लागले आणि मुली खेळायला आल्या. दोघींचा खेळ इतका नीट होता की मी पर्समधून फॉर्म काढून तयारच ठेवले. त्या दोघींचा प्रवेश इंदूरच्या कुठल्याशा कॉलेजात फेब्रुवारीतच पक्का झाला होता. तिसरी बरी होती. तिच्या वडिलांची बदली झाली होती आणि घरातलं सामान खोक्यांत भरलेलं होतं. मी पोचायच्या आत कुणीतरी येऊन जातं, हे मी तीन वर्षं अनुभवत होते.  परतीच्या बसमध्ये सर बिचारे अपराधी चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत होते, जसं काही इंदूरच्या लोकांना त्यांनीच बोलावलं होतं.

घरी आल्यावर हात-पाय धुताना ते म्हणाले, "एक पोरगी आहे. खैरलांजीकडची, ह्याच जिल्ह्यातली. मीच शिकवली. पन तिचं मले समजत नाही, घरचे धाडतीन का नाही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी निराश होऊन जासाल म्हणून," ते म्हणाले. मी आणखी काय व्हायची राहिले होते, देव जाणे.

खैरलांजीच्या वाटेवर

मुलीचं नाव वनिता. अकरावी-बारावीला ती बालाघाटला वसतिगृहात होती. निवृत्तीनंतरही रोज सकाळी मैदानावर जाणाऱ्या सरांनी तिच्या हातात चेंडू दिला, दोन वर्षांत ती राज्याच्या शालेय स्पर्धेपर्यंत गेली. बारावी झाली आणि घरच्यांनी परत नेली, त्याला वर्ष होत आलं होतं.

वारासिवनीपुढे बस धानाच्या रिकाम्या बांध्यांमधून, भाताच्या खाचरांमधून जाते. मेमध्ये तिथे हिरवं काही नसतं. फाट्यावर उतरून दीड-दोन किलोमीटर चालत गेलो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी उरलेली वाट एक पाय फरफटत गेले.

घराच्या मागच्या बाजूने ठक-ठक आवाज येत होता. पावसाळ्याआधी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायचे ते दिवस. जुने कवेलू उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, चांगले पुन्हा रचायचे. गोठ्याच्या छपरावर एक काका बसले होते. खाली, भावाचा जुना शर्ट घातलेली एक लांबसडक मुलगी उभी होती. ती एकात एक बसवलेले दोन कवेलू उचलायची आणि वर सोडायची. फेकायची नाही, सोडायची. कवेलू वर जाऊन काकांच्या हातापाशी क्षणभर थांबल्यासारखे व्हायचे आणि काका न बघता ते घ्यायचे. वीस वर्षं मी पोरींना ओरडून सांगतेय की तळहाताने नाही, बोटांनी सोडा. ही पोरगी मातीचे कवेलू बोटांनी सोडत होती. मी अर्धा तास उभी राहिले. एकही फुटला नाही. माझे डोळे भरून आले, ते मी धुळीच्या नावावर खपवलं.

वनिताने आम्हाला पाहिलं, "सर!" म्हणून ओरडली आणि तशीच आत पळाली.

पुढच्या ओसरीवर तिचे वडील बसले होते, आणि एक पाहुण्या बाई, हिरव्या लुगड्यातल्या, हातात पोह्यांची बशी. "ह्या कटंगीच्या," वडिलांनी सांगितलं. आम्ही नमस्कार केला. मी आधीच तयार केलेलं भाषण सुरू केलं: फी माफ, वसतिगृह बायकांचं, मी जबाबदार. दर घरी पहिल्या वाक्याला नकार येतो म्हणून मी सगळं एका दमात बोलायला शिकले आहे. वडिलांनी मला थांबवलं.

"मॅडम, काहून घाबरता? पोरगी नागपूरलेच येऊन राह्यली. शिकवायले कोणाची ना नाही."

पाहुण्या बाईंनीही मान हलवली. "हौ, शिकन ना," त्या म्हणाल्या.

मुलगी नागपूरला का येणार होती, आणि ह्या बाईंची मान मध्ये का हलली, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण मला माझी आठवी मुलगी मिळाली होती आणि माझ्या कानात सामन्याची शिट्टी वाजत होती.

वनिता साडी नेसून पाण्याचा तांब्या घेऊन आली. घरामागे पाहिली तीच मुलगी का, अशी शंका यावी. खांदे पुढे, मान खाली, पाठीला पोक. तांब्या ठेवला आणि लगेच भिंतीशी बसली. मी फॉर्म काढला. नाव, जन्मतारीख, शाळा. मग उंचीचा रकाना आला.

"पाच-चार लिहा," दारातून तिची आई म्हणाली.

मी हसले. "अहो ताई, पाच-चारच्या मुलीसाठी मी एवढी तंगडतोड केली असती का? मी मोजूनच घेते." माझ्या पर्समध्ये टेप कायम असते.

"असू द्या ना मॅडम. बसूनच बोला. चहा होऊन राह्यला."

"दोन मिनिटांचं काम. ऊठ ग वनिता."

वनिता आईकडे बघत उठली. चौकटीला टेकून उभी राहिली, तेव्हा साडीच्या आत तिने गुडघे वाकवले आहेत हे माझ्यासारख्या मुरलेल्या बाईला कळलंच. मला वाटलं, लाजतेय. उंच मुली लाजतात, मला सगळ्यांचीच पाठ सरळ करावी लागते. मी तिच्या गुडघ्यावर टिचकी मारली, दोन खांद्यांत थाप दिली आणि मैदानावर देते तशी आज्ञा दिली, "ताठ! मान वर!" दोन वर्षं सरांच्या शिट्टीवर वाढलेली मुलगी ती. झटकन ताठ झाली. मी चौकटीवर पेन्सिलने खूण केली, स्टूल मागवून टेप लावली आणि ओरडले, "पाच फूट साडेनऊ! सर, पाच-साडेनऊ!"

बोरकर सरांनी टाळी वाजवली. आणखी कुणी वाजवली नाही.

पाहुण्या बाईंनी बशी खाली ठेवली. बशीत अर्धे पोहे होते. "आमचा पोरगा पाच-सहा आहे," त्या वडिलांना म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आमाले पाच-चार सांगतलं होतं तुमी."

मग मला एकेक समजत गेलं. ह्या बाई मुलाच्या मामी. मुलगा नागपूरला कारखान्यात नोकरीला. तीन आठवड्यांपूर्वी लग्न जमलं होतं, आज त्या बस्त्याचं, लग्नाच्या कपड्यांचं ठरवायला आल्या होत्या. मुलगी त्यांना दाखवली ती पाटावर बसवून. बसलेली आणली नव्हती एवढंच, आल्याबरोबर बसली आणि पाहुणे जाईपर्यंत उठली नाही. पाया पडायची वेळ आली तेव्हा वाकलेलीच होती. मुलीच्या पाहण्यात पोरगी ताठ उभी राहायची वेळच येत नाही, आणि घरच्यांनी त्यावर सगळं निभावून नेलं होतं. आधीची तीन स्थळं उंचीवरूनच गेली होती. बोरकर सरांनाही ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.

मामी उठल्या. आई कुंकवाचा करंडा घेऊन पुढे आली. सवाशीण बाई घरातून निघाली की कुंकू लावायचं, ही रीत तिकडेही आहे. मामींनी हात आडवा धरला. "राहू द्या," म्हणाल्या. त्या दोन शब्दांनी लग्न मोडलं. आरडाओरडा नाही, भांडण नाही.

मी तुटक्या चपलेने त्यांच्या मागे धावले. खोटं बोलायची मला सवय आहे, खेळाच्या खात्यात थोडंफार लागतं. म्हटलं, "अहो, आमच्या फॉर्मात दोन-चार इंच वाढवूनच लिहितो आम्ही. टेपही जुनी आहे, ताणलेली."

"मॅडम," त्या म्हणाल्या, "मले डोळे आहेत." आणि फाट्याकडे निघून गेल्या.

परत आले तर वडील तसेच बसले होते. मी त्यांना हात जोडले. म्हटलं, चूक माझी आहे. तिला माझ्यासोबत द्या. वसतिगृहात नको तर माझ्या घरी राहील, मुलीसारखी सांभाळीन. बोलता बोलता मलाच ऐकू आलं की मी माफीही मागतेय आणि आठवं नावही मागतेय. मला माझी शिसारी आली, तरी मी थांबले नाही.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "लग्न करून गेली असती तं नवऱ्याच्या घरून कॉलेजात गेली असती," ते म्हणाले. "ते लोक तयार होते. आता एकटी धाडली तं गावात काय म्हणतीन? सोयरीक मोडली म्हणून बापानं काहाडून देली. लहानी पोरगी आहे, तिचं लग्न अजून व्हायचं आहे, मॅडम." मग थोडं थांबून म्हणाले, "जेवून जा. उन्हाचं उपाशी नका जाऊ."

आम्ही जेवलो. न जेवणं म्हणजे आणखी एक अपमान झाला असता. निघताना आईने मला कुंकू लावलं आणि पिशवीत दोन शेर चिन्नौर घातले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी पिशवी घेतली. नको म्हणायचा हक्क मी गमावला होता.

वनिता फाट्यापर्यंत पोचवायला आली. साडी बदलून पुन्हा तोच शर्ट घातला होता. बोरकर सर पुढे झपझप चालत होते. त्यांना आपलं रडणारं तोंड दाखवायचं नव्हतं.  बस लांबून दिसली तेव्हा मी म्हटलं, "वनिता, मला माफ कर."

"मले माहीत होतं तुमी येऊन राह्यल्या म्हणून," ती म्हणाली. "सरांचा निरोप आलता. मी कोणाले सांगतलं नाही. मी तं वाकूनच चालत होती, मॅडम. तिसरं स्थळ गेलं तवापासून, दोन महिने. पाठ दुखे, तरी. अजून एक महिना वाकली असती, लग्न झालं असतं, मंग तुमच्या मैदानावर येऊन ताठ झाली असती." तिने नाक शर्टाच्या बाहीला पुसलं. "तुमी ताठ म्हटलं अन् मले राहवलंच नाही."

 बस थांबली. सरांनी मला आधार देऊन वर चढवलं. कंडक्टरने आणखी कुणी आहे का म्हणून हाक दिली, आणि एक क्षण, देवाशपथ सांगते, मला वाटलं ती चढेल. ती चढली नाही. तिने हात केला आणि वळली.

बस धूळ उडवत निघाली. मी मागच्या काचेतून पाहत राहिले. ती बांधाच्या वाटेने घराकडे चालली होती, खांदे मागे, मान वर, एकदम ताठ. आता वाकून कुणाला दाखवायचं होतं?